हातात कला असलेली मुलगी

होळी होऊन गेली की आमच्या लोणखेड्यात विजेच्या खांबांवर कागद चिकटू लागतात. उन्हाळी छंदवर्ग. मेणबत्त्या, केक, मातीकाम, टाकाऊतून टिकाऊ. कागदावर एका हसऱ्या मुलीचं चित्र असतं आणि तिच्या हातात रंगाचा ब्रश. यंदा एका खांबावर नव्या कागदाखालून गेल्या वर्षीचा कागद डोकावतोय, त्यावरही तीच मुलगी आहे आणि तशीच हसते आहे. भाजी घेऊन परतताना मी तिथे थांबते, सगळं वाचते आणि मला राग येतो. दरवर्षी येतो. चाळिशी उलटल्यापासून तो लपवायचंही मी सोडून दिलं आहे.

छंद! ऐकायला किती गोड शब्द. पण आमच्या घरात तो फक्त माझ्यापुरता होता. भावाने भिंतीवरचं घड्याळ उघडलं की तो त्याचा अभ्यास असायचा. घड्याळ पुन्हा कधीच चाललं नाही तरी अभ्यासच. तेच घड्याळ मी पुसून, जोडून, चालू करून परत खिळ्याला अडकवलं की तो माझा छंद. छंदाचं एक बरं असतं. तो दुपारची भांडी घासून झाल्यावर करायचा असतो, चहाच्या वेळी गुंडाळून ठेवायचा असतो आणि लग्न ठरलं की सोडून द्यायचा असतो. त्याच्यामुळे घरात कुणाचं काही अडत नाही, म्हणून तर तो सगळ्यांना आवडतो.

माझा म्हणावा असा उन्हाळा एकच. दहावीची परीक्षा दिल्यानंतरचा.

माहेर तापीकाठचं. चारी बाजूंनी केळी, पपई, मिरची आणि मधोमध आमचं घर. त्या दिवसांत सकाळची न्याहारी होते न होते तोच ऊन ओसरीवर चढून यायचं. दाराची कडी उघडताना पदर हातात धरावा लागायचा. लोखंडी खाट दुपारी उंबऱ्याबाहेर राहिली तर संध्याकाळपर्यंत तिच्यावर कुणी बसायचं नाव काढत नसे. लाइट तर पाहुण्यासारखी यायची, आली तरी जायच्याच घाईत. माय फरशीवर पाणी शिंपडायची, आम्ही त्या ओल्या फरशीवर पाठ टेकायचो आणि पाठ टेकेपर्यंत फरशी कोरडी झालेली असायची. बाहेर माणूस नाही, कुत्रं नाही. केळीच्या बागेत तेवढी फाटकी पानं एकमेकांवर घासून खसखस करत राहायची.

घरातली मोठी माणसं त्या वेळी झोपायची. माझा दिवस तिथे सुरू व्हायचा.

काय काय केलं त्या दुपारी! पपईच्या पानाला लांब पोकळ देठ असतो. तो कापून साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि फुंकायचं, म्हणजे एवढाले फुगे निघतात. देठाचा चीक ओठाला लागून ओठ चरचरायचे, सुजायचे, तरी सोडवत नसे. मग तेच देठ एकात एक घालून मी मोरीतलं पाणी तुळशीपर्यंत नेलं. गेलेल्या बल्बच्या पोटात पाणी भरून पुस्तकातली अक्षरं मोठी करून पाहिली. माय ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, करून खाटेवर वाळत घालायची आणि कोंबड्या येऊन त्यावर नाचायच्या. मी जुन्या मच्छरदाणीची चौकट करून दिली, एका बाजूला बिजागरी लावलेली, पेटीच्या झाकणासारखी उघडणारी. मायने ती चौकट गल्लीतल्या सगळ्या बायकांना दाखवली.

"मन्ही कल्पीना हातमा कला शे," ती म्हणायची. "सासरले नाव काढी."

तेव्हा मला ते ऐकून आनंद व्हायचा. खोटं कशाला सांगू? मान खाली घालून मी हसायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी करायला घ्यायचे. कौतुकाची गोडी वाईट. कौतुक करत करत लोक आपल्याला भिंतीपर्यंत रेटत नेतात आणि आपण हसत हसत मागे सरकत जातो.

शाळेत विज्ञानाचे सर होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दहावीनंतर धुळ्याला तंत्रनिकेतनात डिप्लोमा करता येतो, इलेक्ट्रिकलचा. मुलींसाठी वसतिगृह आहे, आणि तुझ्यासारखीने तिथे जायला हवं. तुझ्यासारखी! हे एवढं मी ओढणीच्या टोकाला गाठ मारावी तसं जपून घरी आणलं. पुढचे कितीतरी दिवस ते कुणाला सांगायचा धीर होईना.

शेवटी एका दुपारी बोलले. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतातून आले होते. ओला पंचा डोक्यावर टाकून ओसरीत बसले होते. माझा मोठा भाऊ बाजूच्या खाटेवर शेंगा फोडत पडला होता. त्याची बारावी झाली होती, म्हणजे होईल न होईल अशी झाली होती. माय दारात चौकटीला टेकून उभी होती.

"आप्पा, माले धुयाले जावानं शे. शिकाले."

"धुयाले? काय शिकाले?"

मी सांगितलं. आप्पा आधी हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अवं, तठे मोटर, पंखा, वायरी असं बठ्ठं ऱ्हास. पोरीसनं काम शे का ते?"

"माले येस ते." मला येतच होतं.

"येस?" आप्पांनी पंचा डोक्यावरून काढला. घामाने त्यांची बंडी पाठीला चिकटली होती. "मंग घरमा एक कूलर करी दखाड. इकत लेवाना नही, घरनाच. थंडी हवा उनी ते धाडसू तुले धुयाले. मन्हा शब्द शे."

भाऊ उठून बसला. मायने पदर तोंडाला लावला. आमच्या गावात आप्पांच्या शब्दाला वजन होतं. भावकीच्या भांडणात लोक त्यांना मध्ये बसवत. त्यांनी 'शब्द शे' म्हटलं की माणसं पुढे काही विचारत नसत. घरच्याच वस्तूंतून कूलर, त्यातून गार हवा, की मी धुळ्याला; मीही पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, धुळ्याची बस अंगणात येऊन उभी राहिली.

कूलर म्हणजे तरी काय असतं? ओल्या गवतातून वारा ओढून घ्यायचा. मायकडे धान्याची एक पत्र्याची कोठी होती, तळ गंजून गेलेली. ती मी मागून घेतली. छिन्नी-हातोडीने तिला तीन बाजूंनी खिडक्या कापल्या. पत्र्याची धार लागून तळहात फाटला, त्यावर हळद दाबली आणि पुन्हा बसले. चौथ्या बाजूला गोल भोक पाडून त्यात मोडक्या टेबलफॅनचा पंखा बसवला. पंख्याची मोटर सुरू होताना गुरगुरायची आणि थांबायची. ती उघडली, आतली काजळी पुसली, शिवणमशीनचं तेल सोडलं. खाली पाण्यासाठी मोठा टब. वर कोठीच्या झाकणावर बादली, आणि बादलीतून ठिबकची काळी नळी कोठीच्या कडेने फिरवलेली. केळीला पाणी देऊन देऊन जुनी झालेली नळी घराच्या मागे वेटोळं करून पडलेली होतीच. तिला सुईने भोकं पाडली. पाणी थेंब थेंब उतरू लागलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिले.

राहिलं होतं ते गवत. शहाद्याच्या बाजारात कूलरचं गवत मिळतं, पण विकत काही आणायचं नाही अशी अट होती. मी डोकं चालवलं. घरात बारदानं पडलेली होती, चांगली जाड, पाणी धरून ठेवणारी. ती खिडक्यांवर ताणून शिवली.

आता हे बारदान कसलं, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मिरचीचं. हंगामभर त्यात लाल मिरची भरून नंदुरबारच्या बाजारात गेलेली. झटकलं होतं मी ते, धुतलंही होतं. पण आमच्या घरात मिरचीचा वास हा वास म्हणून कुणाला कळतच नसे. कपड्यांना, भिंतींना, उशांना तोच वास. बाहेरचा माणूस उंबऱ्यात पाय टाकताच शिंकायचा आणि आम्ही त्याला सर्दी झाली का म्हणून विचारायचो. अशा घरातल्या पोरीच्या नाकाला त्या बारदानात काय सापडणार होतं?

लाइट येण्याच्या वेळेला सगळे जमले. आप्पा, माय, भाऊ, शेजारच्या बायका. मी बादली भरली, बारदानं भिजली, बटण दाबलं. पंखा फिरला. पहिली झुळूक खरोखर गार होती. आप्पांनी डोळे मिटले, छाती पुढे केली, मोठा श्वास घेतला.

आणि ते खोकायला लागले. मग माय. मग सगळेच. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बायका पदर तोंडाशी घेऊन अंगणात पळाल्या. कुणीतरी ओरडलं, "बंद कर वं, बंद कर!" मला स्वतःला डोळे उघडता येईनात, बटण सापडेना. बटण सापडेपर्यंत ओसरी रिकामी झाली होती आणि अंगणातून हसण्याचा आवाज येत होता.

"मिरचीना कूलर!" भाऊ हसून हसून खाली बसला होता. "कल्पे, हाऊ तुन्ही सासूले देजो!"

दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं. पिठाच्या गिरणीवर बाया मला बघून शिंकल्याचं सोंग करायच्या. मी कुणाशी बोलले नाही. मला हसण्याचं दुःख नव्हतंच. आप्पा हसले नव्हते, आणि त्यांनी शब्द मागे घेतल्याचंही म्हटलं नव्हतं. जून यायला अजून वेळ होता, मी तेवढंच धरून बसले.

मग मी केळीच्या बागेत गेले. घड काढून झाल्यावर केळीचं झाड तोडून टाकतात. ते तिथेच उन्हात वाळतं आणि त्याची सोपटं कागदासारखी सुटून येतात. आतून सगळं जाळीदार, धाग्याधाग्यांचं. मी त्याचे भारे डोक्यावरून आणले, सोपटं उभी चिरून पट्ट्या केल्या, पिंजल्या आणि त्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीत दाबून बसवल्या. बोटांना केळीचा काळा डाग पडला. तो कितीतरी दिवस जात नाही, लिंबाने नाही, रॉकेलने नाही. त्या हातांनी मी शेवटचा खिळा ठोकला.

या वेळी कुणाला बोलावलं नाही. लाइट आली, बटण दाबलं आणि समोर बसून राहिले. गार हवा आली, ओल्या मातीसारखा थोडा वास असलेली. मी तिच्यासमोर तोंड धरलं आणि मला रडू आलं. आनंदाचंच होतं ते. त्या उन्हाळ्यातलं तेवढंच.

आप्पांनी तो कूलर बैठकीत मांडला. आता बैठकीत रोज माणसं येऊ लागली, दुपार काढायला. आप्पा प्रत्येकाला सांगायचे, मन्ही आंडेरनी बनाडा, माझ्या मुलीने बनवला. पाहुणा कोठीभोवती फिरून बघायचा, बादलीत डोकवायचा, मान हलवायचा. मी आतून पाणी घेऊन यायचे, आणि आप्पा आता धुळ्याचं काढतील, मग काढतील, म्हणून जरा जास्तच वेळ तिथे घुटमळायचे.

एकदा जिभाऊ आले. आप्पांचे जुने स्नेही, गावातले जाणते, बोलायला गोड. कूलरसमोर पाय पसरून बसले, टोपी काढून डोकं गार करून घेतलं.

"आप्पा, काय सांगस! तुन्ही आंडेर ते इंजिनेर शे!"

मी हातातला तांब्या घट्ट धरला. मला वाटलं, हीच वेळ.

"धुयाले जासू म्हनस," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, तो मी आजही नाकारत नाही.

"धुयाले कसाले?" जिभाऊ हसले. "न शिकता एवढं येस तिले, मंग शिकाडीसन काय करशी?"

पंखा फिरत होता. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग कूलरकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक सुटल्यासारखा भाव आला. कुणीतरी मोठ्या अडचणीतून बाहेर काढावं तसा. मी पंधरा-सोळा वर्षांची होते, पण तो भाव मला तिथल्या तिथे वाचता आला. धुळ्याची बस गेली हे मला तेव्हाच कळलं.

तरी मी विचारलं. निकाल लागल्यावर, चांगले गुण मिळाल्यावर, पेढे वाटून झाल्यावर विचारलं.

"आप्पा, तुम्हना शब्द व्हता."

"व्हता ना. मी नाही कोठे म्हनस?" ते अगदी मायेने बोलत होते. "पन बेटा, तुले ते घर बशीसन बठ्ठं येस. भाऊले देख, त्याले काहीच येत नही. त्याले शिकाडनं पडी. तुले कसाले?"

बारावीनंतर भाऊ धुळ्याला गेला. इलेक्ट्रिकललाच गेला. मायने त्याच्या पेटीत बिबडे भरून दिले आणि मी त्याच्या पेटीची मोडकी कडी दुरुस्त करून दिली. त्याला काही येत नव्हतं, हीच त्याची लायकी ठरली. मी लोणखेड्याच्या कॉलेजात आर्ट्सला गेले. बसने जायचं, बसने यायचं. वर्गात इतिहासाचा तास चालू असायचा आणि डोक्यावरचा पंखा खटखट वाजत असायचा. त्याचं नेमकं काय ढिलं झालंय ते मला खालून ऐकू यायचं.

फसवलं त्यांनी मला. आजवर मी हे वाक्य निरनिराळ्या प्रकारे मऊ करून पाहिलं आहे: काळच तसा होता, त्यांना कळलं नाही, लोकांचं ऐकलं. पण वडिलांनी मुलीला शब्द दिला आणि मुलीने अट पुरी केल्यावर तिची पुरी केलेली अटच तिच्यापुढे आडवी घातली, याला दुसरं नाव नाही. आप्पा आता थकले आहेत. मी माहेरी गेले की उन्हाळ्यात हमखास कूलरची गोष्ट काढतात, नातवंडांना हसून सांगतात, मिरचीचा प्रसंग तर खोकून दाखवतात. त्यांना सगळं आठवतं. शब्द तेवढा आठवत नाही.

भाऊ नाशिकला कंपनीत आहे. वाईट नाही तो. मागे एकदा दिवाळीला आम्ही दोघंच मागच्या अंगणात बसलो होतो. केळीच्या बागेकडे पाहत तो एकदम म्हणाला, "कल्पे, माले ते जावानंच नव्हतं. माले वावरमा ऱ्हावानं व्हतं." मी त्याच्याकडे पाहतच राहिले. शेतीवर इतका जीव असलेला माणूस एवढी वर्षं शहरात मोटारींच्या आवाजात नोकरी करतोय, आणि शेत बटाईने दुसऱ्याच्या हातात आहे. मला त्याची कीव यायला हवी होती. थोडी आली. पण आधी संताप आला, की मग तेव्हा का नाही तोंड उघडलंस रे! त्याने शेंगांची टरफलं गोळा केली आणि उठून आत गेला.

लग्न होऊन मी इथे लोणखेड्यातच आले. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, सरळ माणूस, आवाज न चढवणारा. गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला, इस्त्री गरम होईना, की हाक माझ्याच नावाने येते. "वहिनींच्या हातात कला आहे," असं बायका म्हणतात. मी मिक्सर घेते, दुरुस्त करते, परत देते.

आणि तन्वी माझ्यावर गेली. ही माझी मुलगी. चालायला लागल्यापासून हातात पाना-पकड. गेल्या उन्हाळ्यात तिची दहावी झाली, आणि झाल्या दिवसापासून घरभर वायरींचे तुकडे. गच्चीवरची टाकी भरून वाहायची आणि शेजारी भांडायला यायचे, म्हणून तिने भोंगा केला. जुन्या खेळण्यातला भोंगा, दोन तारा टाकीत सोडलेल्या. पाणी तारांना टेकलं की खाली स्वयंपाकघरात पीं-पीं. मी गच्चीवर जाऊन बघितलं. तारांची टोकं तिने बॉलपेनच्या नळीतून आणली होती, पाण्याने सांधा गंजू नये म्हणून टोकं तेवढी उघडी ठेवून वरच्या जोडावर मेण ओतलं होतं. मेणाचं कुणी सांगितलं नव्हतं तिला. मी तिथे एकटी उभी होते, उन्हात, आणि मला ते मेण बोटाने पुन्हा पुन्हा चाचपावंसं वाटत होतं.

तिलाही डिप्लोमाला जायचं होतं. पुण्याला.

भोंगा वाजला त्या संध्याकाळी सासरे आलेले होते. त्यांनी कौतुक केलं. ह्यांनी कौतुक केलं. शेजारचे काका मुद्दाम वर जाऊन पाहून आले. तन्वी मधोमध उभी, मान खाली, हसत. ते हसणं मी ओळखत होते.

"आमची पोर बिना कॉलेजची इंजिनीयर झाली की," सासरे म्हणाले.

"मोबाइलवर बघून शिकते सगळं," हे म्हणाले. "मी तर म्हणतो, पुण्याला हॉस्टेलवर ठेवायची गरजच काय? इथेच अकरावी करेल, हा छंद घरी चालूच राहील. येतंय की तिला सगळं."

येतंय की तिला सगळं! इतक्या वर्षांनी, दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसाच्या तोंडून. ह्यांना तर आप्पांची गोष्ट माहीत होती. हसले होते ते ऐकून. मला वाटलं ओरडावं, भांडावं, सगळं बाहेर काढावं. पण भांडून काय होतं ते मी पाहिलेलं होतं. आमच्याकडे शिकायला त्याला पाठवतात ज्याला काही येत नाही. हा कायदा मला चांगला ठाऊक होता.

"काही येत नाही तिला," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मोबाइलवर बघून कुणीही करेल असलं. तारा नुसत्या चिकटवल्यात. पाण्यात वीज खेळवते आहे कार्टी, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय. एक दिवस घरात कुणाला तरी चिकटवेल ती. एकतर हे सगळं फेकून द्या, नाहीतर नीट शिकायला पाठवा. अर्धवट राहिली तर मी घरात एक वायर ठेवू देणार नाही."

भोंगा दोन पेन्सिल सेलवर चालत होता. त्याने मुंगीसुद्धा मेली नसती. ते तन्वीला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड थोडं उघडलं, ती आता सांगेल असं वाटलं, की मम्मी, हे सेलवर आहे. मग तिने ओठ मिटले आणि गच्चीवर जाऊन तारा काढून टाकल्या.

मी तिथेच थांबले नाही. पुढचे कितीतरी दिवस मी हेच करत राहिले. तिने टॉर्च केला, मी म्हटलं उजेड कमी पडतो. तिने सासऱ्यांच्या चष्म्याची काडी बसवली, मी म्हटलं वाकडी आहे. ह्यांच्या मनात भीती बसली, आणि भीतीमागून काळजी आली. काळजी वाटली म्हणजे आमच्याकडे पैसा, बस, हॉस्टेल सगळं जमतं. जूनच्या शेवटी ते स्वतः तिला पुण्याला घेऊन गेले. वसतिगृहाच्या पायरीवरून तिने त्यांच्या फोनवरून मला फोन केला.

"मम्मी, मी पोचले."

"बरं. नीट शीक."

मागे मुलींचा गलका ऐकू येत होता. "मम्मी, मन्हं एकबी काम तुले आवडनं नही ना?" घरात आम्ही मराठी बोलतो, अहिराणी ती फक्त आप्पांशी बोलते, लाड करून घ्यायचे असले की. हे शेजारी उभे असणार हे मला कळत होतं. फोनचा आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय. मी म्हटलं, "आधी शीक. मग बघू."

आता ती सुटीला घरी आली आहे. पहिलं वर्ष झालं, गुण चांगले आहेत, असं ह्यांच्याकडून कळलं. मला तिने दाखवले नाहीत. माझ्याशी नीट बोलते, भांडी घासू लागते, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. वस्तू कुठलीच दाखवत नाही. जेवण झालं की आपल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. दुपारी सगळे झोपले की आतून करवतीचा आवाज येतो, पत्रा कापल्याचा. काय करते आहे कोण जाणे.

मी बाहेर पंखा बंद करून, घाम पुसत तो आवाज ऐकत बसते. करवत अडखळत नाही. जोर एकसारखा आहे, पात्याला घाई नाही, वळणावर हात हलका होतो आणि पुन्हा सरळ लागतो. मला त्या वयात इतकं सरळ कापता येत नव्हतं. दाराशी जाऊन दोनदा परत आले.

अजून दोन वर्षं आहेत डिप्लोमाला. काल सासऱ्यांनी विचारलं, पोर काय म्हणते, शिकली का काही? दार लोटलेलंच होतं, आतला आवाज थांबला होता.

"काही नाही आलं अजून तिला," मी म्हणाले, आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.